धुरे वाढले, वावरं आटली

चार एकरांचं एक सलग वावर डोळ्यांसमोर आणा. पांदणीला लागून त्याची रुंदी २६४ फूट, आत लांबी ६६० फूट. बाप गेला, चार भाऊ वेगळे निघाले. पंचांनी दोरी धरली आणि प्रत्येकाला पांदण लाभावी म्हणून वावराचे उभे चार पट्टे पाडले. प्रत्येकाला बरोबर एक एकर मिळालं, ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब. वाटणी चोख झाली. पण पट्ट्यांच्या मधे तीन नवे धुरे आले. धुरा चारच फुटांचा धरला तरी तिन्ही मिळून ७,९२० चौरस फूट, म्हणजे सव्वासात गुंठे जमीन पिकाखालून गेली. उतार पांदणीकडून आत असेल तर नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ६६ फुटांच्या रुंदीत ट्रॅक्टर आडवा घालून वळवत बसणं कोणालाच परवडत नाही, म्हणून पेरणी उताराच्या दिशेने होते आणि पहिल्याच जोरदार पावसात पाणी सरीतून सरळ खाली पळतं, जाताना माती घेऊन. आडवे तुकडे पाडले असते तर धुऱ्यांत तीन गुंठेसुद्धा गेले नसते, पण मग मागच्या तिघांना वाट द्यावी लागली असती. आणि शेताची वाट हा वऱ्हाडातल्या कोणत्याही तहसील कचेरीत न संपणारा विषय आहे. म्हणजे उभं फाडा की आडवं, वावर फाडलं की कोणाच्याही वाट्याला न आलेली जमीन प्रत्येकाच्या वाट्यातून वजा होते.

शेती का परवडत नाही याची कारणं अमरावती-अकोल्यात कोणालाही विचारा. कापसाचा भाव, लहरी पाऊस, बोंडअळी, मजुरी, कर्ज. सगळी खरी आहेत. त्यांच्या मागे आणखी एक कारण उभं असतं आणि त्याला आपण नशिबाच्या खात्यात टाकून मोकळे होतो, ते म्हणजे जमिनीचे तुकडे. महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषी गणनेत सरासरी वहितीचं क्षेत्र ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. साडेदहा एकरांचा कास्तकार दोन पिढ्यांत सव्वातीन एकरांवर आला. लोकसंख्या वाढली, त्याला कोण काय करणार, असं म्हणून विषय संपवला जातो. माझं म्हणणं वेगळं आहे. वारस वाढणं आपल्या हातात नव्हतं, पण वाटणी कशी करायची हे हातात होतं आणि अजूनही आहे. आपण हक्काची वाटणी आणि मातीची वाटणी एकच समजलो. हक्क कितीही जणांत विभागता येतो, त्याने मातीचं काही बिघडत नाही. वावराचं तसं नाही. आपला घोटाळा असा, की वावर फाडण्याची घाई करतो आणि कागद मात्र वर्षानुवर्षं न फोडता ठेवतो. व्हायला पाहिजे नेमकं उलटं.

समान वाटणीची आपली परंपरा जुनी आहे आणि तिच्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. थोरल्याला जादा वाटा द्यावा अशी वचनं स्मृतींत सापडतात, पण याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत ती लोकांना मान्य नसलेली म्हणून बाजूला ठेवली आणि भावाभावांत सारखा वाटा हाच नियम धरला. वऱ्हाडात या नियमाला इंग्रजी मोजणीची जोड मिळाली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीनमोजणी सुरू झाली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. सर्वे नंबर पडले, धुऱ्यांवर दगड रोवले गेले, आणि सारा भरणाऱ्या खातेदाराचा हक्क वारसाने जाणारा, विकता आणि गहाण टाकता येणारा झाला. हे घडत होतं तेव्हाच अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि पाठोपाठ रेल्वे आली. जमिनीला किंमत आली, म्हणून वाट्यालाही आली. एकत्र कुटुंबात निमूट राबणाऱ्या धाकट्या भावाला आपला हिस्सा किती रुपयांचा हे पहिल्यांदा कळलं. याचा शेवट कुठे होतो ते हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून १९१७ साली छापून दाखवलं. १७७१ मध्ये तिथे सरासरी चाळीस एकरांची वहिवाट होती, १९१५ पर्यंत ती सात एकरांवर आली होती. (त्या गावाच्या शेतांवर आज गृहसंकुलं उभी आहेत, म्हणजे तो प्रश्न तिथे वेगळ्याच मार्गाने सुटला. दर्यापूर-तेल्हाऱ्याला ती सोय नाही.)

वऱ्हाडात मोजणी सुरू होण्याआधीच्या दोन शतकांत, समुद्रापलीकडे, दुसरा एक शेतकरीवर्ग याच प्रश्नाशी झुंजत होता. अमेरिका इंग्रजांची वसाहत असताना तिथल्या प्रांतांनी वारसाचे वेगवेगळे नियम केले होते. व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता माणूस गेला तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. हा नियम १७८५ च्या कायद्याने गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४१ पासूनच थोरल्याला दुप्पट वाटा आणि बाकीच्या मुलामुलींना सारखा वाटा अशी रीत होती, विधवेला हयातभर एक तृतीयांश जमिनीचा उपभोग. तिथल्या १६९२ च्या कायद्यात एक तरतूद होती, ती वऱ्हाडी वाचकाने नीट पाहावी. घर-जमीन सगळ्या मुलांत वाटली तर सगळीच बिघडेल असं कोर्टाला वाटलं, तर ती अखंड एकाला द्यायची आणि त्याने बाकीच्यांना त्यांच्या वाट्याची किंमत चुकवायची. शहाणा बाप कोर्टाची वाट पाहत नसे. तो मृत्युपत्रात लिहून ठेवी की घराजवळची शेती अमक्या मुलाला, मात्र त्याने इतक्या वर्षांत प्रत्येक बहिणीला इतके पौंड द्यावेत. दुसऱ्या मुलाला धंदा शिकवायचा खर्च. मुलींना लग्नातच गाई, अंथरुणं, भांडी, आणि त्यांचा हिशेब वाट्यात धरलेला. आईसाठी तर बारीकसारीक तपशील असत. कोणती खोली तिची, विहिरीवर जायची मुभा, किती मापं धान्य, किती गाड्या सरपण आणि ते फोडून दारात आणून टाकायची जबाबदारी कोणाची. मायेच्या भरवशावर काही सोडलेलं नसे.

हे सगळं आदर्श होतं असं मानायचं कारण नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावाचा पिढ्यापिढ्यांचा अभ्यास फिलिप ग्रेव्हन यांनी केला. त्यात दिसतं की बाप मुलांना शेतं कसायला देत, पण कागद मरेपर्यंत आपल्या मुठीत ठेवत, आणि मुलं तिशी उलटली तरी स्वतंत्र होत नसत. हे चित्र आपल्याकडच्या कोणत्याही गावात ओळखीचं वाटेल. जमीन न मिळालेली धाकटी मुलं पश्चिमेला जात आणि तिथली जमीन मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली असे. ती सोय आपल्याला नाही आणि असावीही का? तरी त्यांच्या मृत्युपत्रांतली एक गोष्ट घेण्यासारखी उरते. वाटा म्हणजे मातीच असं त्यांनी मानलं नाही. वाट्याचं मोल वेगळं, वावर वेगळं.

वऱ्हाडात मातीच वाटून घेण्यामागे एक जुनं शहाणपण आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भाऊ प्रत्येक वावर फोडतात ते निव्वळ हट्टापायी नाही. एक वावर पूर्णेकाठचं भारी काळं, दुसरं मुरमाड, तिसरं नाल्याच्या कडेचं. पाऊस कमी झाला तर भारी जमीन ओल धरते, जास्त झाला तर तीच चिबडते आणि मुरमाड वावर पीक देऊन जातं. प्रत्येकाला तिन्हींत तुकडा मिळाला तर कोणाचं एकट्याचं वर्ष बुडत नाही. साडेदहा एकरांच्या काळात हा हिशेब बरोबर होता. सव्वातीन एकरांत तो मोडतो, कारण तीन ठिकाणी एकेक एकर ठेवायला तीन ठिकाणी पेरणी, डवरणी, फवारणी आणि राखण लागते. दोन पावसांच्या मधल्या तीन दिवसांत पेरणी उरकायची असते, ट्रॅक्टरवाला अर्ध्या एकरासाठी यायला तयार नसतो आणि आलाच तर एकराचे पैसे घेतो. खारपाणपट्ट्यात अडचण आणखी वेगळी. तिथे विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, सगळी मदार पावसाच्या ओलीवर, आणि पावसाळ्यात ती काळी माती अशी चिकट होते की मधल्या पट्ट्यात बैलसुद्धा घालता येत नाही. ज्याच्या पट्ट्याला पांदण नाही, त्याची सोयाबीन शेजारच्या भावाचं पीक निघेपर्यंत वावरातच उभी राहते. तोवर शेंगा फुटतात.

ओलिताच्या भागात, वरूड-मोर्शीकडच्या संत्र्यात, तुकड्यांचा फटका आणखी स्पष्ट दिसतो. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे एकशे दहा झाडं बसतात आणि ६६ फुटांच्या पट्ट्यात त्यांच्या जेमतेम तीन ओळी मावतात. विहीर मात्र एकच. ती ज्याच्या पट्ट्यात पडली त्याच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, बाकीच्यांचा चार-चार आणे हिस्सा लिहिलेला असतो. पंपाची वीजजोडणी गेलेल्या बापाच्या नावावर, बिल कोणी भरायचं यावर अबोला, आणि आंबिया बहार धरायला ताण कधी सोडायचा हे चौघं चार वेळा ठरवणार. कोळशीसाठी तिघांनी फवारलं आणि चौथा अमरावतीला नोकरीवर असल्यामुळे राहून गेला, तर काळी माशी त्याच्या झाडांवरून पुन्हा सगळीकडे येते. पाण्यावाटे पसरणाऱ्या डिंक्याला कोणाचा धुरा कुठे आहे हे कळत नाही. बागेला एकच मालक नसला तरी चालेल, पण निर्णय एकच लागतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण इथे बहुतेकांना आश्चर्य वाटेल अशी गोष्ट आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, पुढे तो विदर्भालाही लागू झाला. या कायद्याची ओळख आपल्याला एकाच अंगाने आहे, गुंठ्यांची विक्री अडते ती याच्यामुळे. पण त्याच कायद्यात वाटणीबद्दल स्वतंत्र कलम आहे, ८ कक. वारसाने आलेली जमीन अशीच वाटायची की तुकडा पडू नये. कोर्ट किंवा महसूल अधिकारी वाटणी करत असतील आणि एखाद्याचा वाटा तुकड्याइतका लहान पडत असेल, तर त्याला जमिनीऐवजी पैशात भरपाई द्यायची. सगळ्यांना पुरेशी जमीन नसेल तर कोणी जमीन घ्यायची आणि कोणी पैसे, हे हिस्सेदारांनी आपसांत ठरवायचं. नाहीच ठरलं तर चिठ्ठ्या टाकायच्या. जमीन मिळालेल्याने ताबा घेण्याआधी पैसे भरले नाहीत तर ती जमीन दुसऱ्या हिस्सेदाराला द्यायची, आणि कोणीच भरले नाहीत तर लिलावात विकून पैसे वाटायचे. म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाला १६९२ साली जे सुचलं, ते आपल्या कायद्यातही लिहिलेलं आहे. अडचण एवढीच की ‘तुकडा’ कशाला म्हणायचं याचं माप फार लहान ठेवलंय. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायताला वीस गुंठे आणि बागायताला दहा गुंठे असं ठरलं. वीस गुंठे कोरडवाहू कापसावर कोणाचं घर चालतं? हे माप खरेदी-विक्री सोपी व्हावी म्हणून आलं, शेती टिकावी म्हणून नव्हे. म्हणून कायदा मोडत नाही म्हणजे वाटणी चांगली झाली, असं समजू नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. १९१८ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी लहान शेतीबद्दलच्या ओरडीचीच उलटतपासणी केली. शेत लहान आहे म्हणून तोट्यात जातं हे खरं नाही, असं ते म्हणाले. शेताला लागणारं भांडवल आणि त्यावर राबणारे हात यांचं प्रमाण बिघडलंय, शेतीवर फार माणसं लटकली आहेत आणि त्यांना सामावणारे उद्योग नाहीत. पुढे १९२७ मध्ये लहान शेतांबाबतचं विधेयक मुंबई कायदेमंडळात आलं तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. वाटणी बंद केली की बाकीचे वारस भूमिहीन होतील हे त्यांनी ओळखलं होतं, आणि एकत्र कसण्याचा, सहकारी शेतीचा पर्याय त्यांनी पुढे ठेवला. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देतो असं वाटेल, पण तो मला पूरकच वाटतो. मी वारसांची संख्या कमी करा म्हणत नाही, कोणाला बेदखल करा तर मुळीच नाही. थोरल्याला सगळं देऊन धाकट्याला मजूर बनवणारी व्हर्जिनियाची रीत आपल्या मातीत रुजणार नाही आणि रुजूही नये. आंबेडकरांनी क्षेत्र वाढवणं आणि विखुरलेले तुकडे एकत्र आणणं या दोन प्रश्नांत फरक केला होता. तोच फरक घरातल्या वाटणीत करता येतो. चार नावं कागदावर राहू द्या, चारही जणांचा आणेवारीने हिस्सा ठरलेला असू द्या, पण नांगर एकाचा फिरू द्या. जो गावात राहतो आणि कसतो त्याने बाकीच्यांना दरसाल मक्ता द्यावा. वऱ्हाडात परक्याला मक्त्याने वावर देताना कोणाला संकोच वाटत नाही, मग भावाला देताना इभ्रत आडवी का यावी?

पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न खराच. कर्जात बुडालेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला तीन भावंडांचे वाटे रोखीने विकत घेता येणार नाहीत. एकरकमी भरपाईचा मार्ग ओलितवाल्यांना आणि नोकरदार भाऊ असलेल्यांनाच जमेल हे मान्य करायला हवं. म्हणून तर हप्ते आणि मक्ता. अमेरिकेतला वारस मुलगाही बहिणींचे पौंड एका दिवसात देत नव्हता, ते देता देता त्याची तरुणपणाची वर्षं जात. त्यातही एक नियम पाळायला हवा. मक्ता रुपयांत कायमचा बांधून टाकला तर दहा वर्षांत तो हास्यास्पद होतो. दर तीन वर्षांनी गावात चालणाऱ्या दराने तो बदलेल असं लिहून ठेवलं तर भांडण लागायचं कारण उरत नाही.

वाटणीच्या गप्पांत बहिणीचं नाव शेवटी येतं, ते मुद्दाम. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला, मात्र २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो हक्क विवाहित मुलींनाही आला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की बाप ९ सप्टेंबर २००५ ला हयात होता की नाही याला महत्त्व नाही. गावात यावर उत्तर ठरलेलं असतं. लग्नात खर्च केला, हुंडा दिला, आता वाटा कसला? हुंडा देणं हा १९६१ पासून गुन्हा आहे, गुन्ह्याची पावती दाखवून हक्क फेडता येत नाही. आणि मॅसॅच्युसेट्सचा बाप लग्नात दिलेल्या गाईचा हिशेब आकडा लिहून वाट्यात धरत असे, आपण मात्र न लिहिलेला आकडा फुगवून सांगतो. मग येतं हक्कसोडपत्र. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते, साडीचोळी घेऊन जाते, आणि भावाला वाटतं वावर वाचलं. बहिणीला वाटा दिला तर तुकडे वाढतील ही भीती इथे खोटी ठरते, कारण मोल वाटायचं ठरवलं तर चौथा किंवा पाचवा हिस्सेदार आल्याने एकही धुरा वाढत नाही. मुलीचा हक्क आणि अखंड वावर यांच्यात भांडण आहे असं दाखवणारी मंडळी खरं तर वावराला पुढे करून हक्काला मागे ढकलत असतात. मेळघाटातल्या कोरकू आणि इतर आदिवासींना हा कायदा लागू नाही. पण जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रीला वारशातून वगळणं समानतेच्या हक्काला धरून नाही असं म्हटलं, तेव्हा तिथेही हा विषय आज ना उद्या येणारच.

आईबद्दल आपण फार बोलतो आणि कागदावर फार थोडं लिहितो. भाऊ वेगळे झाले की आई महिन्यामहिन्याने वाटली जाते. एका घरी सावन, दुसऱ्या घरी भादवा. कायद्याने तिचा वाटा मुलाएवढा आहे. बाप हयात असताना बाप-मुलांत वाटणी झाली तरी तिला सारखा हिस्सा मिळतो आणि बाप गेल्यावर ती पहिल्या वर्गाची वारस असते. पण वारस असणं आणि सातबाऱ्यावर असणं यात किती अंतर आहे ते महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांशी बोलून मांडलं. नवरा जी जमीन कसत होता तिचा हक्क त्यांतल्या चाळीस टक्के स्त्रियांना मिळालेलाच नव्हता. जमीन सासऱ्याच्या नावावर, वाटणी तोंडी, नवरा गेला आणि तिच्याकडे कसत असल्याचा एकही कागद नाही. पीककर्ज नाही, विमा नाही, अनुदान नाही. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या पुरुषांनी जमिनी बायकांच्या नावे केल्या, शासनानेही १९९२ मध्ये पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. सोय आहे, पण वापरणारे थोडे. हयात असताना नवऱ्याने तलाठ्याकडे एक अर्ज टाकला असता तर पुढची ससेहोलपट टळली असती, हे वऱ्हाडातल्या किती घरांना नंतर कळतं.

बाप हे का करत नाही, याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. कागद हातातून गेला की भाकर गेली. ही भीती पोकळ नाही, अँडोव्हरचे बापही याच भीतीने सात-बारा, म्हणजे त्यांचा जो काही कागद असेल तो, दाबून बसले होते. पण यावर मार्ग आहेत. वाटणीत स्वतःचा आणि पत्नीचा वाटा वेगळा ठेवावा, तो शेवटपर्यंत कोणाला देऊ नये. स्वकष्टाच्या जमिनीचं मृत्युपत्र करावं, त्याला ना मुद्रांक लागतो ना सक्तीची नोंदणी, दोन साक्षीदार पुरतात आणि ते कधीही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं असेल तर सांभाळाची अट त्यातच लिहावी, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ती अट मोडली तर न्यायाधिकरण ते पत्र रद्द करू शकतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईला तिची मिळकत याच कलमाखाली परत मिळवून दिली. अटीशिवाय दिलेलं मात्र परत मिळवणं फार जड जातं.

कागदाला खर्च येतो म्हणून तोंडी वाटणी, हेही आता टिकत नाही. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळ्या हिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदाराकडे खातेफोड होते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे आणि नोंदणी शुल्क मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने माफ करायचा निर्णय घेतला. ज्यांचे ताबे आणि सातबारे बापजाद्यांच्या तोंडी अदलाबदलीमुळे उलटसुलट झालेत, त्यांच्यासाठी २०२३ पासून सलोखा योजना आहे. बारा वर्षांचा ताबा असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणीत अदलाबदल दस्त होतो. तोंडी वाटणीवर विसंबणाऱ्यांनी विनीता शर्मा निकालातलं दुसरं वाक्यही लक्षात ठेवावं. नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा नसेल तर ‘आमची वाटणी कधीच झाली’ हा दावा सहजासहजी मानला जाणार नाही, त्याला सरकारी कागदांचा भक्कम आधार लागेल.

तेव्हा वाचकाला एवढंच सांगणं आहे. तूर निघाली, कापसाची शेवटची वेचणी झाली की वावरं रिकामी होतात आणि मोजणीदाराला दोरी टाकायला अडचण राहत नाही. त्या दोन महिन्यांत बहिणींसकट सगळ्यांना एकदा बसवा. आधी सातबारा आणि आठ-अ काढून कोणाची नावं आहेत, कोणत्या गेलेल्याचं नाव अजून लागलेलं आहे ते पाहा. मग विहीर, पांदण, झाडं आणि आईचा सांभाळ यांची यादी करा, जमिनीच्या आधी. हिस्से आणेवारीने लिहा, कोण कसणार आणि बाकीच्यांना काय देणार ते लिहा, आणि दस्ताची नोंदणी करा. धुरा टाकायचा की नाही हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. बहुतेक वेळा तोवर त्याची गरज उरलेली नसते.